जयवंताबाईचा चिंचोका

जयवंताबाईला मी आधी अडवलं होतं, याची लाज मला अजून वाटते.

१९४८चा श्रावण. निजामाचं राज्य अजून उभं होतं. पण वाटूरजवळच्या आमच्या लहानशा गावाने ठरवलं, ते जाण्याची वाट बघत बसायचं नाही, आपला सरपंच आपणच निवडायचा. मी शाळामास्तर, त्यात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पातून नुकताच परतलेला, म्हणजे गावातली सगळी अक्कल माझ्याचकडे! नियम मीच केले. वय एकवीस, आणि मत द्यायला स्वतः यायचं. शाळेत पडद्याआड दोन मडकी ठेवली, तांबडं रखमाजी पाटलाचं, काळं त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कचरूचं. हव्या त्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. रझाकार आले तर कळावं म्हणून वेशीवर दोघं उभे केले.

पाटील वारं बघून, निजामाची बाजू सोडून आमच्यात आला होता. गावाच्या गायरानावर त्याने नांगर फिरवला होता आणि कचरू ते मोकळं करायला निघाला होता.

जयवंताबाई धनगरवस्तीवरची, पस्तिशीची, बोलायला फटकळ. चराई गेल्यावर तिची मेंढरं पाटलाच्या शेतात शिरली, त्याने ती कोंडवाड्यात घातली. भर पावसात तीन कोकरं दगावली. ही दोन दिवस पाटलाच्या दारात बसली आणि मेंढरं सोडवूनच उठली. नवरा रायभान मात्र पाटलाला वचकून असायचा.

मतदानाच्या दिवशी रायभान मेंढरं घेऊन लांब डोंगराकडे गेलेला. त्याने बायकोबरोबर आपली काठी धाडली. वस्तीच्या बैठकीला ज्याला येणं जमत नाही, त्याची काठी येते आणि ती त्याचा शब्द धरली जाते, अशी त्यांची रीत.

"धन्याची काठी हाये, मास्तर. पाटलाच्या मडक्यात टाका म्हन्ले."

"काठीला मत नाही. माणूस स्वतः पाहिजे."

"चालू द्या की, मास्तर," पाटील लगेच म्हणाला. मी ऐकलं नाही.

तिने काठी भिंतीला टेकवली. "बराबर हाये. मंग माझा चिंचोका द्या."

"तुमचा?"

"वय बसतंय. मी सोता आलेय. आता काय कमी हाये?"

पाटील भडकला. "बाया गावाचा कारभार करणार का आता?"

मी वही उघडली. बायकांना मनाई लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच मला वाटली नव्हती! स्वातंत्र्यावर तास तास बोलणाऱ्या मी घरी आईलाही विचारलं नव्हतं. तरी पाटलाकडे बघत म्हणालो, "विचारून सांगतो."

"कुणाला इचारता? नियम तुमीच केला ना? मी हितून हलणार न्हाई."

मागे रांग अडली. तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. शेवटी मी त्यावर चिंचोका ठेवला आणि ती पडद्याआड गेली.

संध्याकाळपर्यंत चौदा बायका येऊन गेल्या, त्यात माझी आईही होती. कचरू नऊ मतांनी निवडून आला.

चौथ्या दिवशी रायभान तणतणत आला. "तिनं कुणाला टाकलं?"

"मला माहीत नाही. आणि तूही विचारायचं नाहीस."

तो खाली बसला.

"फुडल्या बारीला मी सोता येतो. ती तर येणारच, ती काय ऐकती! पण दोघंबी आलो तर मेंढरं कोण राखील?"

याला माझ्या वहीत नियम नव्हता.

"मी राखीन," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग उद्यापासून शिकायला या."