भागीदारीची खोली

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मालक-कामगार भागीदारी आली ती छोट्या शेठच्या मोबाइलमधून. वजनकाट्याची पूजा आटोपली, कापसाची पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-नारळ दिला, पेढे वाटून झाले, आणि पेढ्याचे हात रुमालाला पुसत छोटे शेठ माझ्या टेबलाशी आले. मी तिथे हजेरी, गेटपास आणि कॉम्प्युटर सांभाळते. म्हणजे ज्याला दुसरं कोणी हात लावत नाही ते सगळं सांभाळते.

"मॅडम, ही वेबसाइट बघा," ते म्हणाले. "मालक आणि कामगार पार्टनर कसे होतात, सगळं फ्री दिलंय. या सीझनला आपण हे करायचंच."

मी बघितली. व्हिडिओ होते, पोस्टर होते, मालक आणि कामगारांची मिळून समिती कशी नेमायची त्याची माहिती होती, आणि सगळं पार पाडलं की मिळणारं एक हिरवं प्रमाणपत्र होतं. व्हिडिओतल्या कामगारांच्या हातात कॉफीचे मग आणि पाठीमागे काचेची भिंत. आमच्या पाठीमागे सरकीचा ढीग. मारेगावच्या रस्त्यावरची जिनिंग ही, इथे कोण कॉफी पितं? तरी खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. समितीत कामगार आपली अडचण मांडेल आणि मालकाला ती ऐकून घ्यावी लागेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणि एक अडचण माझ्या डोळ्यांसमोर रोज झोळीत लटकत होती.

जवळच्या तांड्यावरून एक बाई कामाला यायची. कापूस ओढून जिनपर्यंत न्यायचं काम. तिचं पोर जेमतेम बसायला लागलेलं. घरी ठेवावं तर सासू दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, म्हणून ही त्याला सोबत आणून शेडच्या दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. जिन सुरू झाल्या की शेडमध्ये रुईची, म्हणजे कापसाच्या तंतूंची धूळ अशी उडते की संध्याकाळी तरण्या बायकांच्याही भुवया पांढऱ्या दिसतात. त्या धुळीत ते पोर दिवसभर. सीझनच्या सुरुवातीला कधीमधी खोकायचं, पुढे पुढे खोकला थांबेचना. लाइट गेली आणि मशीन बंद पडल्या की अख्ख्या शेडमध्ये तेवढाच आवाज.

शेडच्या मागे एक पक्की खोली होती. फरशी, खिडकीला जाळी, दाराला कडी. आत फाटकी बारदानं कोंबलेली. ती खोली त्या पोराला मिळावी, एवढंच मला हवं होतं. मोठ्या शेठकडे मी आधी विषय काढला होता. "बघू," म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मी या भागीदारीच्या मागे हात धुऊन लागले. कामगारांनी आपला प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडावा, असं वेबसाइटवर होतं. मी चिठ्ठ्या कापल्या, पेढ्याच्या रिकाम्या डब्याला वरून भोक पाडलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावून सांगितलं: नाव लिहा, कोणाला दाखवू नका, डब्यात टाका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेक जण उठला आणि आपापली चिठ्ठी मुकादमाला नेऊन दिली. मुकादम म्हणजे या सगळ्यांना कामावर आणणारा. उद्या कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे त्याच्या हातात. त्याने बिडी विझवली, मांडी घातली, सगळ्या चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव लिहिलं आणि नीट घड्या घालून डब्यात टाकल्या. चोरी नाही, लपवाछपवी नाही. उलट शेवटी मलाच विचारलं, "अजून कोनाची राह्यली काय, मॅडम?"

माझं डोकं फिरलं. मी त्या बाईला गाठलं. "काहून वं, त्यालेच काहून देल्ली चिठ्ठी?"

"मंग कोनाले देऊ, बाई? आमचं सारं तोच तं पाह्यते."

मी डबा उघडला आणि प्रतिनिधी म्हणून मुकादमाचं नाव लिहिलं.

मीटिंग झाली. गोल टेबल नव्हतं, म्हणून दोन टेबलं जोडली. मुकादम नवा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "कामगारायची काहीच तक्रार नाही, शेठ. सारे खुश हायेत." छोटे शेठ खुश. फोटो निघाला. सगळे उठणार तेवढ्यात मी पोराचं सांगितलं. छोटे शेठ खरोखरच चकित झाले. शेडमधून रोज जाणारा माणूस, पण झोळी त्यांना दिसलीच नव्हती. "अहो, मग द्या ना ती खोली! आजच रिकामी करा," ते म्हणाले. मला वाटलं, आपण उगाच नावं ठेवत होतो. बारदानं निघाली, चुना मारला, जाळी बदलली. मी त्या बाईला खोली दाखवून आणली, सोमवारपासून झोळी इथे बांध म्हटलं. ती फरशीवरून हात फिरवून हसली.

सोमवारी सकाळी टेम्पोतून नवा कॉम्प्युटर, टीव्ही आणि खुर्च्या उतरल्या. सगळं त्या खोलीत गेलं. भिंतीवर एकमेकांत गुंफलेल्या हातांचं पोस्टर लागलं. वेबसाइटवरची शेवटची अट म्हणे तेवढीच राहिली होती: कामगारांसाठी माहिती केंद्र, स्वच्छ आणि शांत जागेत.

"आणि पोर?" मी विचारलं.

"राहू द्या की तेही. दोन्ही होईल," छोटे शेठ म्हणाले. "फक्त दार बंद ठेवा, मॅडम. धुळीत कॉम्प्युटर टिकत नाही."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर भांडताही येईना. मी किल्ली घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत त्या बाईला पोरासकट खोलीपर्यंत आणलं. ती उंबऱ्यावरच थांबली.

"नाही बाई. पोरगं हाये. कुठं हात मारन, वायर ओढन. मुकादमानं सांगतलं, शेठची लय महागाची वस्तू हाये."

"मी बसीन ना इथं त्याच्याजवळ. अन् तिकडं खोकू खोकू मरून राह्यलं ते? दिसत नाही काय तुले?" माझा आवाज चढला होता.

तिने पोराच्या केसांतली रुई बोटांनी वेचली. माझी समजूत काढावी तशी म्हणाली, "त्याले धुळीची सवय झाली, बाई. मशीनले कुठं हाये?"

टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ती मनापासून बोलत होती, त्या कॉम्प्युटरची तिला खरोखर काळजी वाटत होती. भोंगा वाजला तशी ती पोराला कडेवर घेऊन घाईने शेडकडे गेली. मी त्या थंडगार खोलीच्या दारात किल्ली घेऊन उभी, अंगाचा नुसता तिळपापड झालेला, आणि भांडावं तर समोर कोणीच नाही. शेडमध्ये जिन सुरू झाल्या आणि खोकला ऐकू येईनासा झाला.