शेवटच्या बाकावरची उशी

याकोब मास्तर गेल्याची बातमी मला येरमाळ्याच्या फाट्यावर, हातात गरम भजी असताना कळली. फोन आमच्या चर्चच्या मंडळीच्या थोरल्या पंचांचा होता, आवाज आधीच भिजवून ठेवलेला. शोकसागरात बुडालो रे, म्हणाले, आणि त्याच दमात विचारलं की शोकसभेत तू बोलणार ना, माईकवाल्याला सांगून ठेवतो. मास्तरांनी तो सागर एका रेघेत आटवला असता.

धाराशिवच्या शाळेत त्यांनी मराठी शिकवलं आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहिल्या. नाताळात चर्चमध्ये त्यांची नवी गोष्ट व्हायची. वाचायचा मान माझा, कारण नाताळच्या नाटकातला दुष्ट राजा मी इतक्या हौसेनं करायचो की लेकरं मला बाजारातही भ्यायची. पहिल्याच वर्षी गोष्टीतल्या विधवेसाठी मी छाती पिटली, रुमाल काढला, दोनदा थांबून आवंढाही गिळला. खाली उतरलो तर मास्तर म्हणाले, "समदं तूच रडून घेतलंस. आता लोकांनी काय करावं?"

माणसाला काय वाटलं ते लिहायचंच नाही, त्यानं काय केलं तेवढं लिहायचं, ही त्यांची रीत. अंतःकरण बघणं देवाचं काम, म्हणायचे, आपल्याला हातपाय दिसतात, आपण तेवढ्यावर भागवावं. तरी त्यांच्या गोष्टीत नुसती कुणी चूल विझवली तरी बायका पदर शोधायच्या.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला... त्या नाताळात त्यांनी आणलेली गोष्ट अगदी छोटी होती. लेकाला माती देऊन आलेली आई रविवारी चर्चला येते, शेवटच्या बाकावर बसते. स्तुतिगीताला सगळे उभे राहतात. ती राहत नाही. संपली गोष्ट.

पंचांनी ती अडवली. विश्वासी बाईला हे शोभत नाही. शेवटी तिनं उठून प्रभूचे आभार मानावेत, एवढी एक ओळ घाला, मग वाचू. मी तिथंच कागद घेऊन उभा होतो. मास्तरांचा आवाज चढला नाही.

"आपला प्रभू मित्राच्या कबरेपाशी रडला. घटकाभरात त्याला मरणातून उठवणार हे ठाऊक असून रडला. आणि माझ्या बाईला तुम्ही आठ दिवसांत गायला लावता?"

"मास्तर, लोकांची श्रद्धा डळमळंल."

"ती आली की वो चर्चला. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

ओळ घातली नाही, गोष्ट वाचली गेली नाही. पुढं त्यांनी दुसरी दिलीही नाही. हीच एकदा, आहे तशी, मंडळीपुढं व्हावी, एवढंच म्हणायचे. नाताळाचा तो वेळ मग माझ्या विनोदी किश्श्यांनी भरला. लोक पोट धरून हसले. केकही बरा असायचा.

मास्तरांनी मात्र रविवार कधी चुकवला नाही. शेवटच्या बाकावर बसत आणि गीताला उठत नसत. मंडळीनं ठरवून टाकलं, गुडघे गेले. पंचांनी तर दया येऊन बाकावर उशी ठेवली. शेवटच्या आजारापर्यंत सायकल मारणाऱ्या माणसाचे गुडघे! मास्तर त्या उशीवर मुकाट बसत राहिले.

शोकसभेत अखेर ती गोष्ट झाली. थोरल्या पंचांनी स्वतः वाचली, गहिवरून. शेवटी बाई उठली, हात उंचावले, आनंदाश्रू ढाळत गायली. मेलेल्या लेखकाची परवानगी लागत नाही. सगळ्यांनी डोळे पुसले, फार सुंदर म्हणाले. मग मला बोलावलं. हातात आलेला माईक मी आयुष्यात पहिल्यांदा परत दिला, आणि मागं जाऊन त्या उशीवर बसलो. मधोमध खोलगट झाली आहे ती...

स्तुतिगीत सुरू झालं. सगळे उठले. शेजारच्या मावशी वाकून हळूच म्हणाल्या, "तुमचे बी गुडघे धरले का?"

"व्हय," म्हणालो, आणि बसून राहिलो.