कापलेलं पान

चिखलीजवळच्या अमडापूरला एक मुसलमान बाइंडर आहेत, रद्दीचाही धंदा करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला दुकानात बोलावून एक जाडसर पुस्तक हातात ठेवलं.

"बाई, यात रोजे हायेत. पन आमचे नाईत. तुमचेबी नाईत. मंग कोनाचे?"

ते शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं मराठी पुस्तक होतं. बेने इस्राएल लोकांचे, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुद्यांचे सण, उपास आणि लग्नविधी त्यात होते. दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा, अनाशी ढाकण्याचा सण, अशी त्यांची जुनी मराठी नावं. मध्येच हिब्रू ओळी, त्यांच्याखाली आपल्या बाळबोध अक्षरात अर्थ. चिखलीच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर अशीच जुनी धर्माचाराची पुस्तकं जमवत बसले. यहुदी रीतींची सहा माझ्याकडे होती. हे सातवं, आणि सगळ्यांत जुनं.

पण माझा जीव अडकला तो पहिल्या कोऱ्या पानात. त्यावर कुणीतरी बोरूने पाच मुलांचे जन्म लिहून ठेवले होते. वडील जंगल खात्यासारख्या बदलीच्या नोकरीत असावेत, कारण प्रत्येक जन्माचं गाव वेगळं. तिसऱ्या मुलीच्या नावापुढे वेगळ्या शाईत लिहिलं होतं, "चिखली मुक्कामी वारली." त्या ओळीवर पाण्याचा डाग होता.

वर्षभर विचारपूस करून मी त्या घरातल्या एका बाईंपर्यंत पोचले. ठाण्याला राहतात, वय सत्तरीच्या पुढे. पाचवा मुलगा म्हणजे त्यांचे आजोबा. मी पान फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तिसऱ्या मुलीची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ते पान मला हातात घ्यायचंय. दिवाळीनंतर येते."

त्याच पावसाळ्यात पुण्याचे एक संग्राहक आले. जुन्या छपाईवर व्याख्यानं देतात. त्यांनी माझं कपाट बघितलं, माझं वऱ्हाडी वळणाचं बोलणं ऐकलं, आणि हसून म्हणाले, "अशा ठिकाणी हे पुस्तक टिकणार नाही हो. मी प्रदर्शनात लावतो, महिन्याभरात परत देतो."

तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. पण पुण्याच्या माणसापुढे आपण अडाणी दिसू नये, या एका फालतू लाजेपायी मी पुस्तक दिलं. त्याची चीड मला अजून येते, आणि ती आधी माझीच येते.

चार महिन्यांनी पार्सल आलं. आत लाल रेक्झिनची नवी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. कडा कापून सरळ केलेल्या. मी उघडलं तर थेट पुस्तकाच्या नावाचं पान. त्याआधी शिवणीत बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती, ब्लेडने कापल्यासारखी सरळ.

मी लगेच फोन लावला.

"पहिलं पान कुठे आहे?"

"ते होय? डाग होते, वर कुणीतरी काहीबाही खरडलं होतं. काढून टाकलं. आता प्रत किती स्वच्छ दिसते बघा."

"टाकलं म्हणजे कुठे?"

"बाइंडरकडे असेल नाही तर कचऱ्यात. तुमच्याकडे फोटो असेल ना? मग मजकूर आहेच की."

जपून बोलायचं, शुद्ध बोलायचं, सगळं सुटलं.

"तुले कोनं सांगितलं होतं कापाले? ते खरडलेलं नव्हतं. मेलेल्या पोरीचं नाव होतं ते."

ते म्हणाले, "आवाज चढवू नका," आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. त्यांनी उचलला नाही. आठ दिवस लावत राहिले. शेवटी त्यांच्या बाइंडरचा पत्ता मिळवून पुण्याला गेले. त्याने बिचाऱ्याने माझ्यादेखत दोन पोती उपसली. पान नव्हतं.

ठाण्याच्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांना आधी फोन करून सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. चहा व्हायच्या आत सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"तुम्ही का दिलंत?" त्यांनी विचारलं.

मी ती लाजेची गोष्ट होती तशी सांगितली. त्यांनी मला माफ केल्याचं काही म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

पुस्तक मी त्यांना देऊन टाकलं. चिखलीच्या स्टँडवर बसमध्ये चढताना त्यांनी ते पदराखाली धरलं होतं. मुलगी कुठे पुरली असेल, हे विचारत आम्ही दुपारभर फिरलो होतो. कुणालाच सांगता आलं नाही.

मागच्या महिन्यात त्या संग्राहकांचा निरोप आला. उरलेली सहा पुस्तकं पुढच्या प्रदर्शनासाठी हवी आहेत, बांधणी मोफत करून देतील.