घोणस आणि मुकादमबाई

मुकादमबाईंच्या तोंडून आमचं नाव कधी नीट निघालं नाही. निघायची ती शिवीच. हिंगणघाटबाहेरच्या एका कॉलेजचं आवार साफ ठेवायला आम्ही सहा बायका होतो आणि सहाही जणींच्या त्या डोक्यात जायच्या. माझ्या तर फारच.

गवतात कोणी चपला घालून आलेली दिसली, की त्या चपला कुंपणापलीकडे जायच्या. "लग्नाले आली का वं? बूट घाल, नाईतर घरी जाय!" बूट त्यांनीच भांडून मिळवले होते. हातमोजे मात्र तीनदा अर्ज करूनही कॉलेजच्या साहेबांनी दिले नव्हते. गवतावर आधी काठी आपटायची, मगच हात घालायचा, हा त्यांचा दंडक. मला ती कटकट वाटायची.

दिवाळीच्या आधी कापलेल्या गवताचा ढीग मी काठी न आपटताच कवेत घेतला. मनगटाला घोणस चावली. हात आवळून बांधायला बायका दोरी आणायला धावल्या. साहेब म्हणाले, "काटा लागला असेल. गावातल्या भगताला दाखवा."

"भगताकडं तुमी जा!" मुकादमबाई कडाडल्या. त्यांनी दोरी हिसकावून फेकली, माझ्या बांगड्या उतरवल्या, हात फळीला अलगद बांधला आणि त्या साहेबांच्या गाडीपुढं आडव्या उभ्या राहिल्या. दवाखाना येईपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही, रडूही दिलं नाही. "मरायचं असंल त घरी मरजो. माह्या कामावर नाई." माझा पदर मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

मी वाचले. साहेबांनी कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. मुकादमबाईंनी सही केली नाही. "तिनं काठी नाई आपटली, खरं हाय. पण मोजे तुमी काऊन नाई देल्ले?" आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं.

बरी झाल्यावर मी वडनेरला त्यांच्या घरी गेले. पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतले.

"मोजे भेटले का?"

"मले भेटले."

"अन् बाकीच्याईले?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग इथं काय करून राह्यली? भांड जाऊन!" त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत शिरले. "बसा," ते म्हणाले. सगळ्या जणींना मोजे कधी मिळणार, ते लेखी हातात येईपर्यंत मी बसले नाही.