अडुसष्ट लिंगं आणि आमची फटफटी

त्या वर्षी सिद्धेश्वरावर माझा राग होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभं आयुष्य त्याच्या नंदीध्वजाखाली घालवलं. गड्ड्याच्या जत्रेत बांबूची ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्यानं तोलत चालायचं, हा सोलापुरात मान आणि कसोटीही. अप्पांच्या कमरेला काठी आली की गल्लीतली माणसं कामं टाकून बघत राहायची. आणि बहात्तरचा दुष्काळ सरून जरा बरे दिवस येतायत तोच त्याच अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढावा लागे, जीभ जड झाली. सेवेचं हेच फळ का, असं मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून विचारलं. मग मी उदबत्ती लावणं सोडलं आणि माझी आई, अव्वा, माझ्या वाटचीही लावू लागली.

जत्रा जवळ आली तसा अप्पांनी एकच हट्ट धरला. पहिल्या दिवशी अशा सात काठ्या शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तेल वाहायला निघतात, ती फेरी त्यांना करायची होती. पायी जाणं शक्य नव्हतं. टांगा सांगतो म्हटलं तर त्यांनी तोंड फिरवलं. टांग्यातून सामान नेतात, म्हणाले. शेवटी त्यांनीच अंगणातल्या माझ्या फटफटीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अव्वाचं म्हणणं, हे पडले तर पुन्हा उठायचे नाहीत. खरं होतं ते. पण ही फेरी चुकली तर अप्पा मनानं उठणार नाहीत, हेही मला दिसत होतं. मी मानकऱ्यांना भेटून शेवटच्या काठीमागून गाडी न्यायची परवानगी मिळवली.

फटफटीवर माझा फार जीव. अक्कलकोट रस्त्याला ती सोडली की सुताच्या व्यापारातल्या सगळ्या कटकटी मागं पडायच्या. हळू कशी चालवायची हे शिकावंसं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या सकाळी अनवाणी, पांढऱ्या बाराबंदीत, मी अप्पांना मागं बसवलं. काठी पेलायचा त्यांचा जुना पट्टा दोघांच्या कमरेभोवती मिळून आवळला. तेलाचा तांब्या त्यांच्या डाव्या हातात दिला. ‘हर्र बोला हर्र’चा गजर झाला, काठ्या हलल्या आणि माझी फजिती सुरू झाली.

जरा ॲक्सिलरेटर पिळला की गाडी पुढच्या माणसाच्या टाचांवर जायची. सोडला की साखळी खडखडायची, इंजिन आचके द्यायचं आणि प्रत्येक आचक्याला अप्पांचं डोकं माझ्या पाठीवर आपटायचं. मग मी क्लच अर्धा दाबून धरला. हिसके कमी झाले, पण एवढ्या कमी वेगात इंजिनाला वारा लागेना. ते तव्यासारखं तापलं, माझी पोटरी भाजू लागली, क्लच जळाल्याचा वास सुटला. बोटं आखडून गेली. कुणी हात लावायला आलं की ‘जमतंय, जमतंय’ म्हणून मी त्याला वाटेला लावत होतो. जमत काहीच नव्हतं. अप्पा हळूहळू उजवीकडे कलत होते.

एका चढाला क्लचची तार तटकन तुटली. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. अप्पा पट्ट्यातून एका बाजूला लोंबकळले. मी दोन्ही पाय रोवून गाडी तोलत होतो, त्यांना धरायला मला हातच उरला नव्हता. काठ्या पुढे चालल्या होत्या. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला म्हणालो, जिंकलास तू, माझ्याच्यानं आता होत नाही. त्याला प्रार्थना म्हणवत नाही, सूर भांडणाचाच होता. पण देव्हाऱ्यासमोरच्या त्या दिवसानंतर मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोललो होतो.

कुणीतरी मागून अप्पांना सावरलं. माझ्याच वयाचा कुणी बाराबंदीतला माणूस होता, कपाळावर भस्माचे पट्टे. इंजिन जरा निवू द्या, म्हणाला, मग न्यूट्रलवर चालू करा, आमी ढकलतो, हलली की पहिला गेर टाका.

“तारच तुटलीय. मी धरू काय?” मी चिडून विचारलं.

“काय बी धरू नका की. ती चालती तिची. ह्यास्नी मी धरतो.”

तसंच केलं. गाडी हलली, मी गिअर टाकला, सवयीनं हात क्लचकडे गेला तर तो नुसताच लोंबत होता. ॲक्सिलरेटर पिळायचं धाडस होईना. आणि ते इंजिन, जे सकाळपासून मला आचके देत होतं, ते आपल्या मंद ठोक्यावर फट फट करत माणसाच्या चालीनं निघालं. हिसका नाही, धडपड नाही. मी फक्त हँडल सरळ ठेवून बसलो होतो. लिंग आलं की मी गाडी न्यूट्रलवर घ्यायचो, तो माणूस अप्पांच्या हातून तांब्या घेऊन तेल वाहून यायचा, आणि पुन्हा सगळे मिळून ढकलायचे. पुढे माणसं वाढत गेली. काठीखाली माणूस बदलतो तशी गाडीमागं माणसं बदलू लागली. कुणी कानडीत बोलत होतं, कुणी तेलुगूत. मी कुणालाही नको म्हटलं नाही.

शेवटच्या लिंगापाशी चौघांनी अप्पांना अलगद खाली घेतलं. त्यांनी डाव्या हातानं स्वतः तेल वाहिलं आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. मग त्या माणसाचे पाय धरावेत म्हणून मागं वळलो, तर जिकडं तिकडं पांढऱ्या बाराबंद्या आणि भस्माची कपाळं. मी अप्पांना विचारलं, तुमची पाठ धरून होता तो माणूस कुठं गेला?

अप्पांनी जड जिभेनं एकेक शब्द जुळवला. “एकच हुता व्हय? मला लई हात लागले.”

पुढच्या जत्रेला अप्पा नव्हते. त्यांची ती फेरी पुरी झाली होती, याचं ऋण मी कधी विसरणार नाही. तार देवानं तोडली असं मी म्हणत नाही. मिस्त्री म्हणाला, सारखी दाबून धरल्यावर तुटणारच. मला तेवढं पुरतं. त्या फेरीच्या संध्याकाळपासून घरातली उदबत्ती मी लावतो, आणि दर जत्रेला शेवटच्या काठीमागून अनवाणी चालतो. तेलाचा तांब्या डाव्या हातात असतो. उजवा मी मोकळा ठेवतो, कुणाच्या पाठीला लागला तर असावा.