यादीतलं त्र्याहत्तरावं नाव

आमच्या प्राथमिक शाळेच्या कारकुनाला सगळे पटकाका म्हणत. नव्या पालकांना वाटे, हा माणूस कामं पटापट उरकत असणार. साध्या सही-शिक्क्यासाठी तासभर बाकावर बसावं लागलं की त्यांचा भ्रम दूर होई. शाळेचा पट, म्हणजे मुलांच्या नावांची नोंदवही, एकवीस वर्षं त्यांच्या हातात होती, म्हणून ते पटकाका. काम मुंगीच्या पावलांनी चाले. पण त्यांनी लिहिलेलं कधी खोडावं लागलं नाही, आणि याचा त्यांना नको तितका अभिमान होता.

ते जिन्याखालच्या खोलीत बसत. उभं राहिलं की डोकं पायरीला लागे, म्हणून मोठ्या बाई आल्या तरी ते बसूनच बोलत. बाईंना ते खटके. पण टेंगूळ त्यांनाही एकदा आलेलं होतं, त्यामुळे त्या गप्प बसत.

दरवर्षी वरून एक तक्ता भरायला येई. मुलं किती, मुली किती, आईवडील काय करतात, घरी कुठली भाषा बोलतात. भाषेचे चार रकाने आणि पाचवा 'इतर'. निम्मी शाळा त्या पाचव्यात बसली असती. तिथं पटकाका अडून बसत. "इतर नावाची भाषा मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही!" मग एकेकाला खोलीत बोलावून विचारत, "घरी पाणी मागायचं असलं की आईला काय म्हणतोस रे?" आणि त्या एवढ्याशा चौकोनात चौदा भाषांची नावं कोंबत. 'कृपया नीट भरावा' असा शेरा घेऊन तक्ता परत येई. ते तो तसाच पुन्हा पाठवत.

आम्ही त्या शहरात आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई लाँड्रीत इस्त्री करायची. शाळेची भाषा मला कानाला थोडीफार कळे, वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं.

आणि त्याच वर्षी शाळेवर संकट होतं. दोन वर्षं निकाल निम्म्याच्या खाली गेला होता. तिसऱ्यांदा तसंच झालं तर शाळा बंद आणि मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत, असं पत्र आलं होतं. शिक्षक कामचुकार होते असं मुळीच नाही. आमच्या वस्तीत कामं बदलली की घरं बदलत, मुलं वर्षाच्या मधेच येत आणि जात. परीक्षेला हे कोण सांगणार? सप्टेंबरअखेर पटावर असतील ती मुलं निकालात धरायची, नंतर आलेली नाहीत, असा नियम होता. मी आले अठ्ठावीस सप्टेंबरला.

आठवडाभरानं आईच्या सहीचा कागद द्यायला मी खोलीत उभी होते, तेव्हा मोठ्या बाई आल्या. मला काही कळत नाही असं त्या धरून चालल्या.

"काका, हिची तारीख तीन दिवस पुढं ढकला. कुणाचं काय बिघडतंय?"

"कुणाचंच नाही. पण ही अठ्ठावीसला आली."

"अहो, शाळा राहिली तर पट राहील ना!"

"बाई, अठ्ठावीसला या स्टुलावर बसून हिनं दीड तास भोकाड पसरलं होतं. ते कुणी पसरलं म्हणून लिहू?"

बाईंनी कपाळावर हात मारला. पटकाकांनी त्यावर आपल्या परीनं तोड काढली. रोज मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे वाचायला बसायचं. गोष्टीची पुस्तकं वर्गाच्या कपाटात, त्यांच्याकडे होता फक्त पट. मग मी पटच वाचला. गवंडी, शिंपी, नर्स, ट्रकचालक, 'काम शोधत आहे'. मला अक्षरं लागली ती अशी, दुसऱ्यांच्या आईबापांमधून. वर्गातली एक आडदांड मुलगी माझ्या वेण्या ओढायची. तिच्या पालकांच्या रकान्यात 'आजी' एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला निमूटपणे वेणी ओढू दिली. मी अडखळले की पटकाका म्हणत, "घाई काय आहे? मीही हळूच वाचतो, माझं काय वाकडं झालं?" ते सुख मला पुढं कुठल्याच वर्गात मिळालं नाही. त्या कोंदट खोलीची मला आजही आठवण येते.

परीक्षा झाली. मी चार गुणांनी नापास झाले. यादीत मुलं त्र्याहत्तर, पास छत्तीस. शेवटचं नाव माझं. ते नसतं तर बहात्तरात छत्तीस, बरोब्बर निम्मे. हे गणित तिसरीच्या पोरांनीही तोंडी केलं, म्हणजे आमची शाळा तितकीही वाईट नव्हती.

निकाल पाठवायला दोन दिवस होते. बाई पुन्हा खाली आल्या, डोळे लाल. "काका, हात जोडते. कुणाला कळायचंही नाही." पटकाकांनी पट मिटून ठेवला. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि पलीकडच्या शाळेत कारकून आधीच होता. मी दाराबाहेर ऐकत उभी होते, बाई गेल्या तशी आत घुसले.

"काका, मला काढून टाका ना. मी आलेच नव्हते असं लिहा."

त्यांचा चेहरा उतरला. "कोण आलं ते लिहायला मला ठेवलंय गं," ते म्हणाले. "आलेल्या पोरीला आली नाही म्हणून लिहिलं, तर मी इथं एकवीस वर्षं केलं काय?"

शाळा बंद झाली. वेण्या ओढणारी मुलगी महिनाभर रस्त्यापलीकडे गेली, मग तिला आजीनं घरकामाला लावलं. यावरून मी कितीतरी वर्षं पटकाकांवर मनातून चिडलेली होते. एक तारीख बदलली असती तर ती शिकली असती, असं मला अजून वाटतं.

शाळा सोडल्याचे दाखले पटकाकांनी हातानं लिहिले, आणि तेही त्यांच्या वेगानं, त्यामुळे बंद झालेली शाळा सुट्टीभर उघडीच राहिली. माझी पाळी शेवटी आली. "चूक नाही ना, बघ," असं म्हणून त्यांनी कागद पुढं केला. सोडण्याचं कारण, 'शाळा बंद'. त्याच्या वर प्रगतीचा रकाना. तिथं पास किंवा नापास लिहायचं असतं. पटकाकांनी लिहिलं होतं, 'वाचते'.

मी तो दाखला पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवला. पटकाका भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले.