थंड डब्याचे मास्तर

कोळशाच्या त्या खाणीत गेल्या बावीस वर्षांत जो कोणी खाली उतरला, तो आधी मास्तरांच्या हाताखालून गेला. शाळेचे मास्तर नव्हेत, श्वासाच्या डब्याचे. खाली धूर झाला तर कमरेचा डबा उघडायचा, नळी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि चालू लागायचं, एवढंच ते शिकवत. पण थाट असा, की श्वास घेण्याचा शोध याच गृहस्थाने लावला असावा.

"डब्यात हवा भरलेली नसते," ते फळ्यावर चित्र काढून सांगत. "आत पिवळे दाणे असतात, पोटॅशियम सुपरऑक्साइडचे. तुमच्या उच्छ्वासातली ओल आणि कार्बन डायऑक्साइड त्यांच्यावर पडला की दाणे ऑक्सिजन सोडतात. तुम्ही टाकलेलंच तुम्हाला धुऊन परत. हे होताना डबा तापतो, हवा गरम येते. गरम म्हणजे चालू. नळी थुंकलात तर मेलात."

शेवटच्या वाक्याला ते टाळी वाजवत आणि मग सरावाचा डबा हातोहात फिरे. तो पोकळ. खरा डबा एकदा उघडला की वाया गेला, म्हणून वर्गात खरा कधी उघडत नसत. यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल, मास्तरांच्या बावीस वर्षांत आली नव्हती. 'गरम येते, गरम येते' म्हणून घसा कोरडा करणाऱ्या या माणसाने गरम डबा जन्मात तोंडाला लावलेला नव्हता.

वर्गातलं त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा. पंपावर कामाला, अंगापिंडाने दांडगा, पण नळी तोंडात गेली की दोन मिनिटांत कासावीस होऊन थुंकायचा. तीही पोकळ डब्याची! मास्तरांनी त्याचं नाव ससोबा ठेवलं, दोनदा त्याला नापास केलं आणि वर घरी जेवताना बायकोच्या देखत त्याची नक्कल केली. बायको हसत नसे. तिसऱ्यांदा नापास झाला तर त्याचं खाली उतरणं बंद होईल, एवढंच म्हणे. त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं, की नियम सासरवाडीला वेगळा नसतो.

तर एका सकाळी मास्तर खाणीत ठेवलेल्या पेट्यांतले राखीव डबे तपासायला उतरले. सोबतीला ससोबा. दोघं अर्ध्या वाटेवर असताना कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखालचा एक फिरता रूळ अडकून तापला, पट्टा धुमसला आणि काळा धूर मागून अंगावर आला. दोघांनी डबे उघडले. मास्तरांनी तर अगदी फळ्यावरच्या चित्रासारखा.

चार मिनिटं बरी गेली. पाचव्या मिनिटाला हवा तापली. कोमट नव्हे, तव्यावरून उचलून तोंडात टाकल्यासारखी, कोरडी, टाळूला चिकटणारी. बावीस वर्षांची सगळी विद्या कुठल्या कुठे गेली आणि डोक्यात एकच उरलं, डबा पेटला. मास्तरांनी चिमटा उपटला आणि नळी थुंकली.

मेहुण्याने त्यांची मान धरली आणि नळी परत तोंडात कोंबली. मास्तर चावले. चांगले कडकडून. त्याने हात मागे घेतला नाही. नळी नीट बसवली, नाक चिमटीत धरलं, तोंडावर तळवा दाबला आणि चारशे पावलं त्यांना ओढत ताज्या हवेच्या दारापर्यंत नेलं. स्वतःची नळी एकदाही सोडली नाही.

दारात बचाव पथक उभं होतं. त्यांनी पाहिलं ते असं, की मास्तर ताठ उभे, नळी नेमकी दातांत, आणि शेजारी मेहुणा आपली नळी काढून थरथरत रडतोय, अंगठ्यातून रक्त गळतंय. पथकाचा प्रमुख म्हणाला, "मास्तरांनी वाचवलं याला." मास्तरांच्या तोंडात नळी होती, म्हणून बोलता आलं नाही. पुढे नळी निघाली, बोलणं निघालं नाही.

अहवालात तेच उतरलं. खाणीच्या साहेबांनी सभेत मास्तरांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मेहुण्याच्या नावापुढे 'संकटात घाबरला' असा शेरा पडला आणि परीक्षेची वाट न बघता त्याला वर दिव्यांच्या खोलीत बसवलं, टोप्यांचे दिवे पुसायला. उतरणारे दिवा घेता घेता विचारत, काय ससोबा, गाजर खाल्लं का? तो काच पुसून देई. मास्तरांना दिवा देताना तर वरही बघत नसे.

एकदा खोलीच्या मागे गाठून मास्तरांनी चाचरत विषय काढला. तो म्हणाला, "राहू द्या भाऊजी. ताईला चार बायकांत मान आलाय." मास्तरांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच अशी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी आरशात बघून दाढी करणं जमेना.

बायकोने पहिले आठ दिवस गल्लीतलं एकही दार सोडलं नव्हतं. आमच्या यांनी माझ्या भावाला वाचवलं, हे ती दोनदोनदा सांगून आली होती. मग एका रविवारी भाऊ जेवायला आला आणि तिने हट्टाने त्याच्या अंगठ्याची पट्टी बदलली. बदलताना काही बोलली नाही. बोलली ती जेवायला वाढताना.

"अंगठा दारात सापडला म्हणतो हा. असेल. पण त्या दाराला वरचा एक दात नाही."

मास्तरांचा वरचा एक दात न्हाणीघरात घसरून पडल्यापासून गेलेला. घरात तेवढा एकच गेलेला. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले, जणू फट आता लपणार होती.

"मी सगळ्यांना सांगून आले," ती म्हणाली. "आता परत जाऊन काय सांगायचं, तेवढं तुम्हीच सांगा."

सकाळी मास्तर साहेबांपुढे उभे राहिले. झालं ते झालं, वर्गाचा तुमच्यावरचा विश्वास कशाला घालवता, असं साहेबांनी परोपरीने समजावलं. मास्तरांनी दोनच गोष्टी मागितल्या. मेहुण्याचा शेरा पुसून त्याला पंपावर पाठवावं, आणि गेल्या महिन्यात मुदत संपलेला, सील शाबूत असलेला एक खरा डबा गोदामातून द्यावा.

वर्गात चाळीस माणसं होती. मास्तरांनी सगळं सांगितलं, चावण्यासकट. हसले असते तर बरं झालं असतं, पण कोणी हसलं नाही. फक्त मागच्या बाकावरून एकाने शांतपणे विचारलं, "म्हणजे मास्तर, ससा नक्की कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "आणि तुम्हाला मी बावीस वर्षं थंड डबा दिला."

मग त्यांनी सील तोडलं, नळी दातांत धरली, नाकाला चिमटा लावला. मेहुण्याला शेजारी उभं केलं होतं. खोलीत स्वच्छ हवा, खिडक्या सताड उघड्या, जिवाला काडीचा धोका नाही. चार मिनिटं बरी गेली. पाचव्या मिनिटाला डबा तापला, डोळ्यांत पाणी आलं आणि चाळीस माणसांच्या देखत मास्तरांचा हात आपोआप नळीकडे गेला.

मेहुण्याने अंगठा पुढे केला. या वेळी डावा, कारण उजव्यावर अजून पट्टी होती.